सरपंचपद महिलेला सुटलं म्हणून

चि. सुधीर,
अनेक आशीर्वाद.

सोडतीत आपल्या गावचं सरपंचपद सर्वसाधारण महिलेला सुटल्याचं कळलं. तुझी तयारी चालली होती, वाईट वाटणारच. पण ताईनं मला फ्लेक्सचा फोटो दाखवला. तुझा चेहरा सूनबाईच्या, मनीषाच्या दुप्पट! उभं कोण राहतंय, ती की तू?

"बायका काय, नावालाच असतात," असं फोनवर म्हणालास. नावाला कशा ठेवतात ते मी आत बसून पाहिलंय. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, त्यानंतर राखीव वॉर्डातून मी सदस्य झाले. ठरावाची वही रात्री घरी यायची. "वहिनी, इथं फक्त सही." शेवटच्या ठरावाखाली चार बोटं कोरी जागा आणि सही त्याच्याही खाली मागायचे. वही परत गेल्यावर त्या जागेत काय उतरायचं, देव जाणे. मी आधी तिथं आडवी रेघ मारायला लागले, मग सही. पुढं वही घरी यायचीच थांबली, मला कचेरीत बोलावणं यायला लागलं. मनीषाला हे मीच सांगेन, तू नको सांगूस.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत, म्हणून त्या खुर्चीत दिसतात तरी. वर काय आहे? २०२४ ला लोकसभेत ५४३ पैकी ७४ जणी निवडून आल्या. राखीव नसलं की पक्षांना बाईत 'निवडून यायची क्षमता' दिसत नाही. इतक्या जणींनी गावं चालवली, त्या आमदारकीच्या तिकिटाला चालत नाहीत होय? लोकसभा-विधानसभेत बायकांना एक तृतीयांश जागा देणारं विधेयक पहिल्यांदा आलं १९९६ ला. २०१० ला राज्यसभेत मंजूर होऊन लोकसभेत अडकलं. २०२३ ला कायदा झाला, तर त्यातही आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, अशी अट. आजच्या २८८ आमदारांत एक तृतीयांश म्हणजे ९६ होतात. एवढ्या खुर्च्या कोण सुखासुखी सोडतं?

मला खटकतं ते फिरतं आरक्षण. बाई कामाला सरावते तोवर पद खुलं होतं आणि घरातलाच कुणी म्हणतो, आता माझी पाळी. म्हणून आत्ताच बोलून घे: पुढच्या खेपेला पद खुलं झालं आणि मनीषाला पुन्हा उभं राहायचं असलं, तर तू अर्ज भरणार नाहीस. हे जमत नसेल तर पॅनलला दुसरी उमेदवार बघू दे. आणि मुळात तिला विचारलंयस का? तिची इच्छा नसली तर विषय संपला.

ती हो म्हणाली तर मात्र महिलांची ग्रामसभा तिनं खरीखुरी घ्यावी. नियमानं ती ग्रामसभेआधी व्हायला हवी, आपल्याकडं नुसती रजिस्टरात होते.

फ्लेक्स उतरव. अर्जावर मोबाईल नंबर तिचाच घाल. बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांचे फोन तिलाच जाऊ देत.

तुझी,
आई