मांडून काढलेल्या फोटोबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

इराणी छायाचित्रकार न्यूशा तवाकोलियनची 'लिसन' ही फोटोमालिका परवा एकेका चित्रापाशी थांबत पाहिली आणि पहिली आठवण तुझी झाली, कारण मांडून काढलेला फोटो म्हणजे नाटक, हा तुझा हेका मला तोंडपाठ आहे. चमचमत्या पडद्यासमोर इराणी गायिका उभ्या आहेत. डोळे मिटलेले, तोंड उघडे, सूर लागलेला, आणि आपल्यापर्यंत काहीच पोचत नाही. इराणमध्ये 1979 च्या इस्लामी क्रांतीनंतर स्त्रीने पुरुषांसमोर एकटीने गाण्यावर बंदी आली, म्हणून त्यांच्या कधीच न निघालेल्या सीडींची मुखपृष्ठे न्यूशाने स्वतः रचली. सोळाव्या वर्षापासून तेहरानच्या वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणारी ही बाई 2009 च्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर बातमीचे काम थांबवावे लागले, तेव्हा या वाटेला वळली. तुझा लाडका रस्त्यावरचा फोटो तिच्या हातून हिसकावला गेला होता, हे आता तरी मान्य कर. शिवाय इराणच्याच शादी गदीरियानच्या 'काजार' या फोटोमालिकेतली, जुन्या वेषात पेप्सीचा डबा धरून बसलेली बाई तुला आवडली होतीच. तीही रंगवलेल्या पडद्यासमोर बसवलेली होती. तेव्हा 'हे चालते' म्हणून तू चहा मागवलास आणि विषय बदललास!

मला खरी धास्ती वेगळीच आहे. तेहरानमध्ये जन्मलेली छायाचित्रकार होदा अफशार ऑस्ट्रेलियात राहते. 2022 मध्ये हिजाबच्या नियमावरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणमध्ये जे आंदोलन पेटले, त्याला उत्तर म्हणून तिने 'इन टर्न' ही फोटोमालिका केली: ऑस्ट्रेलियातल्या इराणी स्त्रिया एकमेकींच्या वेण्या घालत आहेत, बऱ्याचशा पाठमोऱ्या, केसांत बोटे गुंतलेली. दूर असल्याची तळमळ त्या बोटांत दिसते, म्हणून तिला बोल लावायला मन धजत नाही. पण जे मेलबर्नमध्ये उघड दाखवता येते, ते तेहरानमध्ये आडवळणाने मांडावे लागते. आणि जगातल्या कलादालनांना उघड बोललेलेच तेवढे ऐकू आले, तर आत राहून, जपून बोलणाऱ्यांना भित्रे किंवा सजावटी ठरवले जाईल. तसे झाले तर तो घोर अन्याय होईल, कारण तिथे फोटोत काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवण्यातच सगळी जोखीम आहे.

माझी प्रकृती ठीक. वहिनींच्या बदलीचे काय झाले? धाकटीला आशीर्वाद. उत्तरात मात्र आधी 'लिसन'बद्दल लिही, आणि या वेळी चहा मागवू नकोस.

तुझा,
अविनाश