चि. सईस, रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रपुस्तकाची संहिता मिळाली, वाचली. आजी-नातीच्या आठवडी बाजाराची गोष्ट छान आहे. लेखिकेने शब्द आवरते घेतलेत आणि चित्राला जागा सोडली आहे, हे तुझं नशीब. पण सोबत पाठवलेलं रंगवलेलं चित्र बघून हे पत्र लिहायला बसले. बाजार सुरेख आलाय, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की ते कितव्या पानावर येणार, डावीकडे की उजवीकडे, मजकूर कुठे बसणार, यातलं काहीच ठरलेलं नसताना ते रंगून तयार आहे. आता त्या एका चित्रापायी तू सगळं पुस्तक वाकवत बसशील. ते बाजूला ठेव आणि आधी कागद घडी घाल.

प्रकाशकाने २४ पानं अधिक मुखपृष्ठ आणि ७ बाय साडेनऊ इंच आकार सांगितलाय. हा आकार कागदाच्या तावातून येतो. २० बाय ३० इंचाच्या तावाचे साडेसात बाय दहाचे आठ तुकडे होतात, दोन्ही बाजू धरून १६ पानं. हा एक फॉर्म. तुझं पुस्तक दीड फॉर्मचं आहे. म्हणून २५ किंवा २६ पानं मागायची सोय नाही, मधल्या पिनेच्या पुस्तकात पानं चारच्या पटीतच वाढतात. तुला चौकोनी पुस्तक हवं होतं ना? ७ बाय ७ कापलं तर प्रत्येक तुकड्यामागे तीन इंचांची पट्टी रद्दीत जाते आणि तिचे पैसे पुस्तकाच्या किमतीत चढतात. प्रकाशक नाही म्हणाला ते बरोबरच आहे.

डमीसाठी, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या नमुन्यासाठी, ए-फोरचे सहा कागद मधोमध दुमडून एकात एक घाल, झाली २४ पानं. प्रमाण थोडं वेगळं पडतं, पहिल्या डमीला चालतं. पिन मारू नकोस, दोऱ्याचा एक टाका घाल, म्हणजे पानं अदलाबदल करता येतील. पान १ शीर्षकाचं, २ श्रेयाचं, ३ वर गोष्ट सुरू आणि २४ वर शेवट. म्हणजे हातात दहा जोडपानं (समोरासमोरची डावी-उजवी) आणि दोन सुटी पानं आली. संहितेची झेरॉक्स कापून वाक्यं पानांवर नुसती ठेवून बघ. डिंक लावायची घाई नको, ती बरीच फिरणार आहेत.

आता तुझ्या विभागणीतली सगळ्यात मोठी चूक सांगते. ‘आजीने पिशवी उघडली, आत बघते तर काय!’ हे वाक्य तू पान ८ वर टाकलंयस आणि कोंबडीचं पिल्लू पान ९ वर. ८ डावं, ९ उजवं. दोन्ही एकदमच दिसणार. वाचणारा ‘तर काय’ म्हणेपर्यंत पोराने पिल्लू बघितलेलं असेल आणि गंमत गेली. असं वाक्य नेहमी उजव्या पानाच्या शेवटी यायला हवं आणि उत्तर पान उलटल्यावर. उपाय सोपा आहे. एसटीची वाट बघण्याचं वाक्य तू बाजाराच्या पानात कोंबलंयस, त्याला स्वतःचं पान दे. सगळं एक पान पुढे सरकतं, ‘तर काय’ ९ वर येतं आणि १०-११ हे अख्खं जोडपान पिल्लाला मिळतं. तिथे मजकूर एकच शब्द ठेवायला सांग. शेवटी जी पानं कमी पडतील ती ‘घरी आल्या’ आणि ‘जेवायला बसल्या’ एकत्र करून भरून निघतील. लेखिकेला फोन कर, ती हरकत घेणार नाही.

दुसरं, मजकूर सांगतो तेच चित्राने पुन्हा सांगायचं नसतं. मजकुरात ‘पिशवी हलली’ आहे आणि तुझ्या चित्रात पिशवी हलतेय. त्यापेक्षा पान ५ वर कोंबडीवालीच्या डालग्यातून एक पिल्लू खाली उतरू दे, पान ७ वर पिशवीच्या कडेला नुसती चोच दाखव. मजकुरात त्याचा उल्लेखही नको. आजीला माहीत नाही, नातीला माहीत नाही, पण ऐकणाऱ्या पोराला माहीत आहे. ते आजीला ओरडून सांगू लागतं. चोच मात्र इतकी बारीक काढ की पहिल्या वाचनात निम्म्या पोरांना दिसायला नको.

दिशेचंही एक ठरवून टाक. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून जाणारं माणूस उजवीकडे तोंड करून चालतं आणि घरी येणारं डावीकडे. तू पान ४ वर दोघींना डावीकडे चालवलंयस, त्या बाजाराला निघाल्यात की परत आल्यात तेच कळत नाही. पण दुरुस्त करायला संगणकावर चित्र आडवं पलटवू नकोस. पलटवलंस की आजीचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो, नथ उजव्या नाकपुडीत जाते आणि दुकानाची पाटी उलटी होते. पाटी लगेच दिसते, पदर छापून आल्यावर कुणीतरी मावशी दाखवून देते. नव्याने काढ.

पात्रांचा तक्ता कर: आजी आणि नात पुढून, बाजूने, पाठीमागून, बसलेली, धावणारी. मोठं माणूस साधारण सात डोक्यांएवढं उंच असतं. नात सहा वर्षांची आहे, तर खरी उंची साडेपाच डोकी भरेल, पण चित्रपुस्तकात चार धरलीस तरी शोभेल. जे धराल ते २४ पानं तसंच राहू दे. भांग कुठून, वेणीची रिबीन कुठल्या रंगाची, झग्यावर ठिपके किती मोठे, पिशवीचा बंद कुठल्या हातात, सगळं तक्त्यावर लिहून ठेव. ठिपक्यांचा झगा म्हणजे स्वतःला दिलेली शिक्षा आहे. प्रत्येक चित्रात ते कापडाच्या चुण्यांबरोबर वळवावे लागतात. साधा पट्टा दे आणि सुट.

आता पानांमधल्या घडीबद्दल. २४ पानांच्या पुस्तकात १२-१३ हे एकच जोडपान एका सलग कागदावर छापलं जातं. बाकीची डावी-उजवी पानं तावावर एकमेकांपासून लांब असतात, घडी आणि कटिंग झाल्यावर शेजारी येतात. एखादा मिलिमीटर वरखाली होतोच आणि रंगाची छटाही थोडी फरक दाखवते. म्हणून छपराची दोरी, विजेची तार असल्या तिरक्या बारीक रेषा घडीवरून नेऊ नकोस. पळणाऱ्या पिल्लामागे सगळा बाजार लागतो ते चित्र १२-१३ वर टाक, तिथे दोरीही चालेल. चेहरा मात्र कुठल्याच घडीवर नको.

बाहेरच्या तीन कडांना ३ मिलिमीटर जादा चित्र हवं, ते कापलं जातं. कामाचं काहीही कडेपासून १० मिलिमीटर आत. आणि पानाभोवती ती नाजूक चौकट काढायचा मोह सोड. सहा दुमडलेले कागद एकात एक बसले की आतले बाहेर सरकतात, कापल्यावर मधली पानं जवळपास एक मिलिमीटरने अरुंद होतात. चौकट एका पानावर जाड आणि एका पानावर बारीक दिसते. मग दोष छापखान्याला.

मजकुराची जागा आधी राख. पाच ते सात वर्षांच्या पोरांसाठी २० पॉइंटच्या आसपासचं अक्षर आणि ओळींमध्ये दीडपट अंतर धर. इंग्रजीच्या हिशेबाने अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरामागे पानं, कौलं, गवत काही नको, सपाट फिका रंग हवा. मजकूर फक्त काळ्यात छापायचा, छपाईच्या चारही शाई मिसळून केलेल्या काळ्यात नाही. रजिस्टर, म्हणजे चार शाईंची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं तरी अशा काळ्या अक्षराला लाल-निळी सावली येते. आणखी एक व्यवहार आहे. नॅशनल बुक ट्रस्ट काय किंवा चेन्नईचं तूलिका काय, एकच चित्रपुस्तक अनेक भाषांत काढतात. अक्षर फक्त काळ्यात असलं की भाषा बदलताना काळी प्लेट (त्या शाईचा छपाईचा पत्रा) तेवढी बदलते, बाकी तीन तशाच. गडद आकाशावर पांढरी अक्षरं ठेवलीस तर चारही प्लेटा नव्या. म्हणून रात्रीच्या पानावरही फिक्या चंद्रप्रकाशाचा तुकडा सोड. दुकानांच्या पाट्या वेगळ्या थरावर किंवा वेगळ्या कागदावर लिही. आणि मजकुराच्या जागेत चौथा हिस्सा मोकळा ठेव, तमिळ वाक्य मराठीपेक्षा लांब भरू शकतं.

मांडणी करणाऱ्याला सांग: युनिकोड फॉन्ट, आणि इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू. नाहीतर जोडाक्षरं फुटतात. भाषा मराठी निवडलेली नसेल तर ल आणि श हिंदी वळणाचे येऊ शकतात. प्रूफ आलं की आधी ‘दुसऱ्या’, ‘कोंबड्यांच्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द शोध. ऱ्या तुटला असेल तर बाकीचंही तुटलेलं असणार.

रंग. ३०० ग्रॅमचा जलरंगाचा कागद, चारी बाजूंनी गमटेपने पाटावर ताणलेला. मूळ चित्र छापील आकाराचंच काढ, फार तर सव्वापट. दुप्पट काढून लहान केलं की रेषा केसासारख्या होतात. आधी एका कागदावर काड्यापेटीएवढ्या चौकटींत अख्ख्या पुस्तकाचे रंग टाक, म्हणजे चार पानं सलग पिवळी झालेली तिथेच दिसतील. सहा-सात रंगांवर भागव आणि मिश्रणं लिहून ठेव, आजीच्या लुगड्याचा हिरवा महिन्याभराने पुन्हा जमवायचाय. पोपटी, झगझगीत राणी आणि अल्ट्रामरीन निळा छपाईच्या चार शाईंत जसेच्या तसे येत नाहीत, मळकट होतात. पडद्यावर खुललेला रंग बघून हुरळू नकोस. कागद कुठला ते विचार: मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा कागद, शाई पितो, सगळं थोडं गडद आणि मंद येतं, त्यासाठी चित्र एक पायरी उजळ ठेवावं लागतं. गुळगुळीत आर्ट पेपरवर ती भीती कमी.

स्कॅन ६०० डीपीआयला कर, छपाईला ३०० पुरतं. १४ बाय साडेनऊचं जोडपान ए-फोर स्कॅनरवर एकदम मावत नाही, दोन तुकड्यांत घ्यावं लागतं. तेव्हा कागद फिरवू नकोस, नुसता सरकव. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो, कागद उलटा फिरवला की पोताच्या सावल्याही फिरतात आणि सांधा उघडा पडतो. दोन्ही तुकड्यांत दोन इंच चित्र समान येऊ दे. फिके पिवळे वॉश (रंगाचे पातळ थर) स्कॅनर खाऊन टाकतो, ते मुळातच थोडे दमदार ठेव.

मुदत बारा आठवड्यांची आहे. डमी आणि पेन्सिलची चित्रं यांना मिळून सहा दे. पाच आठवडे रंग, म्हणजे जोडपानाला जेमतेम तीन दिवस, एक आठवडा दुरुस्त्यांना. रंगवायला पान ३ पासून सुरुवात करू नकोस. पहिल्या दोन चित्रांत हात बसलेला नसतो आणि दुकानात उभा राहून माणूस सुरुवातीचीच पानं बघतो. १४-१५ किंवा १६-१७ आधी घे, पान ३ उशिरा, मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी.

करारातलं एक कलम मला आवडलेलं नाही. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढंच लिहिलंय. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क द्यायचे ते लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण त्यावर विसंबू नकोस, स्पष्ट लिहून माग: कुठल्या भाषा, छापील की डिजिटलही, मूळ चित्रं परत कधी, मुखपृष्ठावर नाव, पेन्सिलच्या टप्प्यावर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आणि रंगवल्यानंतर बदल हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून पुस्तकं मुक्त परवान्याखाली येतात. तुझं नाव देऊन कुणीही ती भाषांतरित करू शकतं, बदलू शकतं, विकूही शकतं. तिथे काम करण्यात गैर काही नाही, फक्त परवाना वाचून हो म्हण आणि मोबदला त्या हिशेबाने ठरव.

पेन्सिलची डमी झाली की शेजारच्या बालवाडीत तीन-चार पोरांना वाचून दाखव. विचारू नकोस ‘आवडलं का’, सगळी हो म्हणतात. कुठल्या पानावर बोट ठेवतात, कुठे मागे जातात आणि कुठे खिडकीबाहेर बघतात तेवढं डमीच्या पाठीवर लिहून ठेव. मग रविवारी घेऊन ये.

तुझी,
आई

ता. क. बाजाराचं ते रंगवलेलं चित्र फाडू नकोस. डावीकडचा भाजीवाल्यांचा भाग मलपृष्ठाला बसेल असं वाटतं. वर प्रकाशकाची ओळख आणि खाली किंमत-बारकोड येणार, तेवढी जागा मात्र पांढऱ्याने झाकून बघ.