जन्मस्थान : शिकारपूर, पाकिस्तान

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या जरीपटक्यात राहतो, अकाउंटंट आहे. मागच्या आठवड्यात मिहान या इथल्या औद्योगिक प्रकल्पातल्या एका कंपनीत पगार ठरला, रुजू व्हायची तारीख ठरली. मग पडताळणीसाठी पासपोर्ट मागितला. आधारवर जन्मस्थान नसतं, पासपोर्टवर असतं. दुसऱ्या दिवशी फोन : "सर, वरून नाही म्हणताहेत." लेखी द्या म्हटलं, तर फोन कट.

पासपोर्ट भारताचा आहे, साहेब. लहानपणी आईवडिलांबरोबर सिंधमधून आलो, शाळा इथेच मराठीतून झाली. वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीचा व्हिसा, त्याचं नूतनीकरण, पोलिसांकडे हजेरी. 2016 मध्ये केंद्राने 16 जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्वाचे अधिकार दिले, त्यात नागपूर होतं. तेव्हा कुठे आमची फाइल हलली. तोवर बाबा गेले. कागदोपत्री पाकिस्तानीच गेले.

एप्रिल 2025 मध्ये पहलगाम झालं आणि जिथे हिशेब लिहायचो तिथला शेठ म्हणाला, "काही दिवस येऊ नको." ते काही दिवस अजून चालूच आहेत. ज्या देशातून जीव घेऊन पळालो, त्याच्या पापाचा हप्ता मी भरतोय. घरभाडं मात्र कोणी माफ करत नाही.

घटनेचं कलम 16 जन्मस्थानावरून भेदभाव करू नका म्हणतं, पण फक्त सरकारी नोकरीत. एचआयव्हीबाधितांसाठी 2017 चा कायदा आहे, तृतीयपंथीयांसाठी 2019 चा. दोन्ही खासगी मालकालाही बांधतात, आणि ते योग्यच आहे. जन्मस्थानासाठी काय? तुमचा कामगार अधिकारी विचारेल, नेमणूकपत्र कुठे आहे? अहो, तेच तर दिलं नाही!

नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या (सीएए) वेळी आमच्या गल्लीत येऊन पेढे वाटणारे हजारो होते. नोकरीचं म्हटलं की एकाचाही फोन लागत नाही. "80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना" हे भाषण तर दर निवडणुकीत ऐकतो. मी कोणत्या टक्क्यात, तेवढं सांगा. मिहानच्या नावावर नागपूरकरांना वीसेक वर्षं झुलवलंत. पोरं पुण्याला गेली, इथे उरली कंत्राटं. मग आमच्यासारख्याला नाकारायला फार कारण लागतच नाही.

नकाराचं कारण लेखी देणं मालकांवर सक्तीचं करा. मुलगी बारावीत आहे. सरकारी नोकरीच्या साक्षांकन फॉर्मवर वडिलांचं जन्मस्थान विचारतात, ती आत्तापासून मला विचारते, तिथे काय लिहू?

आपला,
जरीपटक्यातला एक मतदार