कर्णाने बदल्यात काय मागितले?

संपादक महोदय,

वक्तृत्व स्पर्धांत कर्णाची कवचकुंडले हमखास टाळ्या घेतात. पण महाभारतातले वनपर्व जरा नीट वाचावे. ब्राह्मणवेषात इंद्र येणार, हे सूर्याने आधीच सांगितले होते. कर्णाचे उत्तर रोखठोक: जीव गेला तरी चालेल, कीर्ती हवी. तरी सूर्याच्याच सल्ल्याने तो इंद्राकडून अमोघ ‘शक्ती’ हे अस्त्र मागून घेतो. शिवाय कवच कापल्यावर अंग विद्रूप दिसू नये, हेही बजावतो! (भाषणात हे कोणी सांगत नाही.) म्हणून तो लहान ठरत नाही. जन्मभर सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला माणूस नावलौकिकासाठीच अंगावरचे कवच सोलून देणार. परीक्षकांनी ‘दानशूर’ शब्दावर गुण देण्याआधी मुलांना निदान वरचा प्रश्न विचारावा.

– एक वाचक, सातारा