मित्रास पत्र: शोधत होतो रक्त

चिपळूण, ता. १२ डिसेंबर

प्रिय सुन्या,

रात्रभर कॅज्युअल्टीत करतोस तरी काय, असं विचारलं होतंस. ऐक. अपघाताचा पेशंट आला की पोटावर जेल फासून सोनोग्राफीचा प्रोब चार ठिकाणी टेकवायचा: यकृत आणि उजव्या किडनीमधली फट, डावीकडे प्लीहेपाशी, ओटीपोटात आणि हृदयाभोवती. काळी पट्टी दिसली की आत रक्त सांडलंय असं धरायचं आणि पळायचं. याला आम्ही 'फास्ट' म्हणतो. दोन-तीन मिनिटांचं काम.

गंमत अशी की शोधायचं असतं रक्त आणि दिसतं भलतंच.

परवा एक धनगरबाबा आले, माण तालुक्यातले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात ना, त्यातले. टेम्पोचा धक्का लागला होता. रक्ताचा थेंब नाही. पण यकृतात डाळिंबाएवढी पिशवी, आणि तिच्या पोटात एकमेकींना चिकटलेल्या छोट्या गोल पिशव्या! हायडॅटिड, म्हणजे कुत्र्यांकडून येणाऱ्या कृमीची गाठ.

"बाबा, कुत्री किती?"

"चार. ती नसली तर बिबट्या एक कोकरू ठिवंल का?"

खरंच की. पण मेलेल्या मेंढराची काळजं-फुफ्फुसं ही कुत्री कच्चीच खातात, त्यातून कृमी त्यांच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि पुन्हा मेंढीच्या पोटात जातात. माणूस उगाच मधे सापडतो. धक्का जरा वर बसून ती पिशवी फुटली असती, तर आतल्या पाण्याची अॅलर्जी होऊन बाबा कदाचित रस्त्यावरच गेले असते. बाबांना मात्र घोर एकच, रस्त्याकडेच्या मेंढरांचा.

गेल्या वर्षीचं तुला सांगितलं नव्हतं. मोटरसायकलवरून पडलेला पोरगा, उजवी किडनी आतून फुगलेली, खाली कुठेतरी खडा अडकलेला असणार. "नंतर दाखवून घे" असं तोंडी म्हणालो आणि पुढच्या स्ट्रेचरकडे वळलो. केसपेपरवर लिहिलं एवढंच: फास्ट निगेटिव्ह. आठ महिन्यांनी तो तापाने फणफणत आला. किडनीत पू, काढावीच लागली. "तुम्हीच म्हणालात ना सर, आत काही नाही?" असं त्याच्या आईने विचारलं. भांडली असती तर बरं झालं असतं रे.

तेव्हापासून जे दिसेल ते कार्डावर मराठीत, ठळक अक्षरात लिहितो. सिस्टर हसतात, बालवाडीचा फळा म्हणतात. बाबांच्याही कार्डावर लिहिलं: 'यकृतात कृमीची गाठ. सुई घालू देऊ नका. मंगळवारी सर्जनना दाखवा.' त्यांनी ते तंबाखूच्या पिशवीत घडी करून ठेवलं.

मंगळवार होऊन गेला, बाबा आले नाहीत. मुलाचा मोबाइल बंद लागतो. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला तळ आहे म्हणाले होते. रविवारी गाडी काढून बघून येतो. आता मेंढरं हजार आणि धनगर दहा, शोधायचं कसं ते तिथे गेल्यावर बघू.

वहिनींना नमस्कार. पोरांच्या सहामाहीचे पेपर तपासून झाले असतील तर लिही.

तुझा,
अव्या