ऑइलचं नाव न सांगणाऱ्या ताईंस, जाहीर आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला फारसं रुचणार नाही, ठाऊक आहे. पण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, गरम झाल्यावर प्रेशर किती दाखवतंय ते सांग" म्हणून विषय बदलता. इथे मधेच अडवता येणार नाही.

माझं इंजिन तेव्हा नुकतंच उघडून पुन्हा बांधलं होतं. जुनं सहा सिलिंडरचं, पुशरॉडवालं (लांब काड्यांनी व्हॉल्व्ह हलवणारं), कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा, नवीन आणि मूळच्यापेक्षा तिखट. व्हॉल्व्ह स्प्रिंगही त्याला साजेशा कडक. राहिलं होतं फक्त ऑइल ओतायचं, आणि तिथेच घोडं अडलं. एक जण म्हणे जुनी गाडी आहे, मिळेल तितकं घट्ट घाल. दुसरा म्हणे सगळ्यात महाग सिंथेटिक आण आणि निवांत झोप. तिसऱ्याने तर ऑइलमध्ये वरून ओतायच्या एका ॲडिटिव्हच्या बाटलीची शपथच घेतली. मी तुम्हाला एका ओळीत विचारलं, "कुठलं ऑइल घालू?" तुम्ही उलट मलाच विचारत सुटलात. टॅपेट, म्हणजे कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे तुकडे, सपाट आहेत की रोलर? बेअरिंगला क्लिअरन्स (फट) किती ठेवलाय? एक्झॉस्टला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे का? गाडी रोज फिरणार की महिनोन् महिने उभी राहणार? खरं सांगतो, त्या दिवशी वैतागलो होतो. मला नाव हवं होतं, तुम्ही परीक्षा घेत होतात.

मग तुम्ही खणातून दोन टॅपेट काढलेत. एक नवा, एक निकामी. स्टीलची पट्टी तोंडावर आडवी धरून उजेडाकडे बघायला सांगितलंत. नव्याला पट्टी मधोमध टेकत होती आणि दोन्ही कडांना उजेडाची बारीक रेघ दिसत होती. निकामी टॅपेटला नेमकं उलट: कडा टेकलेल्या, मधे उजेड. ज्याला आम्ही सगळे सपाट म्हणतो तो टॅपेट मुळात सपाट नसतोच, त्याच्या तोंडाला अगदी किंचित फुगवटा असतो, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. कॅमचा लोब, म्हणजे टॅपेटला उचलणारा उंचवटा, तोही थोडासा तिरका घासलेला असतो. या दोन्हींमुळे टॅपेट वरखाली होताना स्वतःभोवती फिरत राहतो आणि एकाच जागी घासला जात नाही. फिरणं थांबलं की कॅम गेला. नव्या इंजिनात तर काही मिनिटांत जातो.

कॅम आणि टॅपेट जिथे टेकतात त्या चिंचोळ्या रेषेवर स्प्रिंगचा सगळा भार येतो आणि तिथे ऑइलचा थर पुरेसा टिकत नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. मग झेडडीडीपी, म्हणजे ऑइलमधलं झिंक आणि फॉस्फरसचं झीज रोखणारं रसायन, कशासाठी हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. उष्णता आणि दाब मिळाला की हे रसायन धातूवर काचेसारखा कठीण पापुद्रा धरतं. तो घासून जातो, पुन्हा धरतो. आम्ही सगळे "झिंक किती, झिंक किती" करत असतो, पण तुमचं बोट ऑइलच्या डेटा शीटवर (कंपनीच्या माहितीपत्रकावर) फॉस्फरसच्या ओळीवर होतं, कारण तो पापुद्रा मुख्यतः फॉस्फेटचा असतो.

आणि हाच फॉस्फरस नव्या गाड्यांना नकोसा. जळलेल्या ऑइलबरोबर तो एक्झॉस्टमध्ये जातो आणि कन्व्हर्टरमधलं उत्प्रेरक हळूहळू निकामी करतो. म्हणून त्याच्यावर मर्यादा आल्या: एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) एसएल वर्गात, म्हणजे 2001 च्या सुमारास, पातळ ग्रेडना 1000 पीपीएम (दहा लाखांत 1000 भाग), आणि 2004 मध्ये एसएम आल्यावर 800. यात कुणाची लबाडी नाही. रोलर टॅपेटच्या इंजिनाला तेवढं पुरतं. माझ्यासारख्यांच्या कॅमसाठी मात्र साधारण 1000 ते 1400 च्या मधलं ऑइल शोधावं, असं तुम्ही सांगितलंत. जिथे ही मर्यादा ठळक लागू आहे ते डबे ओळखायची खूणही दाखवलीत: पुढच्या बाजूला तारकेसारखा गोल शिक्का, ज्यात पेट्रोल इंजिनासाठी असं लिहिलेलं असतं. तो दिसला की डबा खाली ठेवायचा. 15डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 सारख्या घट्ट ग्रेडना (पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम झाल्यावरचा घट्टपणा) ती मर्यादा लागत नाही, पण म्हणून त्यात फॉस्फरस भरपूर असेलच असंही नाही. डेटा शीट बघावीच लागते. शीटवर आकडा नसेल तर कंपनीला विचारायचं, आणि उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजायचं, हे तुमचं वाक्य मी आता इतरांना ऐकवतो.

ॲडिटिव्हच्या बाटलीवर तुम्ही जे बोललात ते इथे छापण्यासारखं नाही. मथितार्थ असा, की ऑइलमधली रसायनं एकमेकांशी तोलून घातलेली असतात. साफ ठेवणारी रसायनं आणि झेडडीडीपी दोघंही धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मागतात. वरून अंदाजाने एक बाटली ओतली की तो तोल आपण बिघडवतो, आणि झेडडीडीपी फाजील झालं तर तेच धातू खायला लागतं.

शर्यतीच्या ऑइलचा मोह मला होताच. डबा देखणा, फॉस्फरस भरपूर. तुमचा चौथा प्रश्न तिथे उपयोगी पडला. शर्यतीचं ऑइल पुष्कळदा बदलायचं म्हणूनच बनवलेलं असतं, त्यामुळे त्यात साफ ठेवणारी रसायनं बेताचीच असू शकतात. माझी गाडी महिनोन् महिने उभी. थोडी फिरवली की ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, पाण्याचा अंश राहतो, न जळलेलं पेट्रोल राहतं, आम्ल साठतं, आणि बेअरिंग त्यात भिजत बसतात. असल्या गाडीला किलोमीटर मोजून उपयोग नाही. वर्षातून एकदा बदलायचं, तेही गाडी झाकून ठेवायच्या आधी, नंतर नाही.

ग्रेडच्या बाबतीत आपलं चांगलंच वाजलं होतं, आठवतं? मी 20डब्ल्यू-50 वर अडून होतो. थंड इंजिन सुरू केल्यावर प्रेशरचा काटा वर गेला की मला बरं वाटायचं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "काटा वर जातो म्हणजे ऑइलला वाट मिळत नाहीये. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ते चेंबरमध्ये परत पडतंय, तुझ्या बेअरिंगला काय मिळतंय?" मग हिशेब मांडलात. 100 अंश सेल्सिअसला 40 चं ऑइल 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्स (घट्टपणाचं माप), 50 चं 16.3 ते 21.9. माझ्या 57 मिलिमीटरच्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या दांड्याच्या भागाला) क्लिअरन्स जेमतेम 0.05 मिलिमीटर ठेवलेला. ठोकताळ्याने 50 मिलिमीटरला 0.05 चालतो, म्हणजे माझं इंजिन घट्टच बांधलेलं. 50 चं घट्ट ऑइल सैल बांधलेल्या किंवा ऑइल फार तापवणाऱ्या इंजिनाला. बीएमडब्ल्यूने ई46 एम3 च्या इंजिनाला 10डब्ल्यू-60 सांगितलं, त्याच काळातल्या तिच्या साध्या सहा सिलिंडरना 5डब्ल्यू-30 चाललं. एकाच घरातली दोन इंजिनं! इंजिनाचं वय बघून ग्रेड ठरवायचा नसतो, हे मला त्या उदाहरणाने पटलं. शेवटी 15डब्ल्यू-40 वर आलो. पूर्ण गरम झाल्यावर मिनिटाला दर 1000 फेऱ्यांमागे 10 पीएसआयच्या (दाबाचं माप) ठोकताळ्यात काटा आजही बसतो.

सिंथेटिकने सील गळतात या भीतीवर तुम्ही दोनच वाक्यं खर्च केलीत, मीही तेवढीच करतो. आजच्या ऑइलमध्ये सील आकसू नयेत याची सोय केलेली असते. गळतो तो सील बहुधा आधीच गेलेला असतो.

पण सगळ्यात मोठे आभार पहिल्या स्टार्टचे. लोबना पेस्ट, चेंबरमध्ये ब्रेक-इनचं मिनरल ऑइल, ड्रिलने पंप फिरवून रॉकरपर्यंत ऑइल पोचलेलं डोळ्यांनी बघितलं, मगच प्लग जोडू दिलेत. सुरू झाल्याबरोबर मिनिटाला 2000 ते 2500 फेरे, अर्धा तास, आयडलिंगला एक क्षणही नाही. कारण कॅमला ऑइल मिळतं ते मुख्यतः क्रँकने (इंजिनाच्या मुख्य दांड्याने) उडवलेल्या ऑइलमधून, आणि क्रँक हळू फिरला तर कॅम उपाशी. टॅपेट फिरतोय का ते पुशरॉडवरून कळावं म्हणून त्यांच्यावर मार्करने रेघा मारायला लावल्यात आणि हेडचं कव्हर न लावता बघायला लावलंत. सगळ्या रेघा फिरत होत्या. फक्त एक जरा आळसावलेली वाटली, तर तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाकून बघितलंत आणि "फिरतेय, फिरतेय" म्हणालात. ऑइल इतकं उडालं की माझा शर्ट गेलाच, तुमच्या साडीलाही डाग पडले. त्याबद्दल अजून काही बोलला नाहीत, म्हणून तो विषय मीच काढतो.

ते ऑइल लगेच काढलं. फिल्टर कापून कागद पसरला. करडी बारीक भुकटी होती, चकचकीत पत्री नव्हती. नंतरच्या ऑइलचे नमुने तपासून घ्यायची सवय तुम्हीच लावलीत. लोह वाढलं तर कॅमकडे बघ, शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंगकडे, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरकडे. ताज्या रिपोर्टमध्ये लोह पहिल्यापेक्षा बरंच खाली आलंय, शिसं नावापुरतं आहे, आणि सिलिकॉन किंचित चढलंय. एअर फिल्टरचं झाकण नीट बसत नव्हतं, रबर बदललं.

आता गिअरबॉक्स काढलाय. गिअर ऑइलच्या वर्गांपैकी जीएल-4 घालू की जीएल-5, हे विचारायचंय. तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो: गिअरचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंग पितळेच्या आहेत, डिफरन्शियल वेगळं आहे, आणि कंपनीच्या जुन्या पुस्तकात 80 चं ऑइल लिहिलंय. आणखी काय मोजून आणू ते कळवा.

तुमचा,
काळ्या बोटांचा विद्यार्थी