भंडारदरा जलाशयाकाठच्या ‘काजवा कॅम्प’बाबत तक्रार पत्र

दिनांक : 10 जून 2024

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग
(कंपनीचे नाव व पत्ता पाकिटावर लिहिल्याप्रमाणे)

विषय : 1 व 2 जून 2024 रोजीच्या भंडारदरा मुक्कामात सेवेत राहिलेल्या गंभीर त्रुटी, जाहिरातीतून झालेली दिशाभूल आणि भरलेली रक्कम परत मिळणे याबाबत.

संदर्भ : दि. 11 मे 2024 रोजीचे ऑनलाइन आरक्षण, व्यक्ती 4, रक्कम रु. 8,800.

महोदय,

मी, माझी पत्नी, 9 वर्षांची मुलगी आणि 74 वर्षांची आई असे आम्ही चौघे 1 जूनच्या दुपारपासून 2 जूनच्या सकाळपर्यंत भंडारदरा जलाशयाच्या काठावरील आपल्या तंबूंमध्ये मुक्कामास होतो. आपल्या जाहिरातीत या मुक्कामाला ‘काजव्यांची शांत रात्र’ म्हटले होते आणि अभयारण्याला लागून असलेली जागा, गडद अंधार व निवांतपणा ही तिची वैशिष्ट्ये म्हणून सांगितली होती. त्या रात्री आम्हाला शांतता मिळाली नाही आणि अंधारही मिळाला नाही. या दोन्ही गोष्टी कोणा बाहेरच्या माणसाने बिघडवल्या असत्या, तर मी आपल्याला दोष दिला नसता. परंतु त्या आपल्याच माणसांनी, आपल्याच साधनांनी आणि आपल्याच कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे बिघडवल्या, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या आईचे माहेर अकोले तालुक्यात, राजूरच्या बाजूला आहे. लहानपणी पावसाच्या तोंडावर तिने पाहिलेली काजव्यांनी लखलखणारी झाडे हा आमच्या घरात वर्षानुवर्षे सांगितला जाणारा विषय आहे. मधुमेहामुळे तिची दृष्टी गेल्या दोन वर्षांत फार अधू झाली असून पुढील वर्षी ती किती राहील हे डॉक्टरांना खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे या वर्षी तिला एकदा तिकडे नेऊन आणायचे आणि नातीने आजीशेजारी उभे राहून ती झाडे पाहायची, एवढ्यासाठीच आम्ही हा खर्च केला होता. तारीखही विचारपूर्वक निवडली होती. वैशाखाचा वद्य पक्ष चालू होता, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता आणि पाऊस अजून सुरू झालेला नव्हता. काजवे पाहण्यासाठी यापेक्षा अनुकूल रात्र क्वचितच मिळते.

आरक्षण करण्यापूर्वी मी आपल्या प्रतिनिधीशी दूरध्वनीवर सुमारे वीस मिनिटे बोललो. आईला गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे कमोड आहे का, तंबूपासून किती चालावे लागते आणि रात्री ध्वनिक्षेपक लावला जातो का, हे तीन प्रश्न मी मुद्दाम विचारले होते. “साउंड वगैरे काही नसतं सर, काजव्यांच्या दिवसांत आम्ही लाइटसुद्धा बंद ठेवतो,” असे उत्तर मला मिळाले आणि कमोडची सोय असल्याचे नंतर संदेशाद्वारेही कळवण्यात आले. तो संदेश माझ्याकडे आहे.

जाहिरातीतील छायाचित्रात तंबूच्या दारापासून दहा पावलांवर भरलेला जलाशय दिसतो. प्रत्यक्षात पाणी बरेच खाली गेलेले होते आणि मध्ये भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा होता. भंडारदऱ्याचे विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झाले तेव्हापासून या जलाशयाचे पाणी प्रवरा नदीच्या खोऱ्यातील शेतीसाठी सोडले जाते आणि सुमारे 11 टीएमसीचा (11 अब्ज घनफुटांचा) हा साठा मेअखेर खाली जातो, हे नगर-नाशिककडच्या कोणालाही ठाऊक असते. म्हणून या बाबतीत माझी नाराजी मर्यादित आहे. मात्र पावसाळ्यानंतर काढलेले छायाचित्र जूनच्या मुक्कामाच्या जाहिरातीत वापरताना तसे नमूद करणे आपले कर्तव्य होते. तसे केले असते, तर काठावर बसून पाण्यात पाय सोडण्याची स्वप्ने पाहत आलेली मुले त्या संध्याकाळी हिरमुसली नसती.

नौकाविहाराची गोष्ट मात्र मला सौम्य शब्दांत सांगता येणार नाही. प्रत्येकी रु. 300 वेगळे घेऊन आम्हाला काठावर नेण्यात आले. तेथे एका होडीसाठी 14 माणसे उभी होती आणि लाइफ जॅकेट 7 होते. त्यांतील दोन जॅकेटांचे पट्टे तुटलेले होते व लहान मुलाच्या मापाचे एकही नव्हते. विचारणा केल्यावर “पाणी कमी आहे, काही होत नाही,” असे सांगण्यात आले. महोदय, त्याच्या अवघ्या अकरा दिवस आधी, 21 मे रोजी, उजनी जलाशयात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर दोनच दिवसांनी याच प्रवरेत, याच अकोले तालुक्यातील सुगाव येथे, बुडालेल्यांचा शोध घेण्यास गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि प्रशिक्षित जवानांना प्राण गमवावे लागले. त्या तालुक्यात, त्या आठवड्यांत, पाण्याच्या काठावर उभे राहून हे वाक्य बोलण्यास आपला माणूस धजावला, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. आम्ही होडीत बसलो नाही. आमचे रु. 1,200 परत देण्यात आले नाहीत.

संध्याकाळी साडेसात वाजता जनरेटर सुरू झाला. बांबूंवर बांधलेले चार हॅलोजन लागले आणि तंबूंच्या मधोमध ठेवलेल्या दोन मोठ्या स्पीकरवर गाणी सुरू झाली. आवाज इतका होता की तंबूत शेजारी बसलेल्या आईशी मला कानाजवळ जाऊन बोलावे लागत होते. मी आपल्या तेथील व्यवस्थापकांना प्रतिनिधीच्या आश्वासनाची आठवण करून दिली, तेव्हा बाकीच्या लोकांनी यासाठीच पैसे भरले आहेत, असे मला सांगण्यात आले. हे खरे असेल, तर आपण एकाच रात्रीची, एकाच मैदानावरची जागा काहींना शांतता म्हणून आणि काहींना जल्लोष म्हणून विकली, असा त्याचा अर्थ होतो. ध्वनी प्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. आपला ध्वनिक्षेपक 11 वाजून 40 मिनिटांनी बंद झाला. त्यानंतरही हॅलोजन पहाटेपर्यंत तसेच जळत होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पावणेनऊच्या सुमारास आम्हाला तीन जीपगाड्यांतून काजवे दाखवण्यासाठी नेण्यात आले. वन विभागाच्या नाक्यावर पावती फाडताना तेथील वनरक्षकांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सूचना दिल्या. गाडी झाडांपासून दूर उभी करावी, दिवे बंद ठेवावेत, फ्लॅश वापरू नये, झाडाखाली जाऊ नये, काजवे पकडू नयेत. या सूचना आपल्या चालकांनी आणि मार्गदर्शकाने आमच्यासोबतच ऐकल्या.

दहा मिनिटांनी तीनही गाड्या सादडा आणि जांभळाच्या झाडांसमोर, जेमतेम पंधरा फुटांवर, इंजिन चालू ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पुढच्या दिव्यांचे झोत थेट झाडांवर पडत राहिले. लोक मोबाइलचे दिवे लावून झाडाखाली शिरले. काजवे उडालेले दिसावेत म्हणून आपल्या मार्गदर्शकाने स्वतः एक फांदी धरून हलवली आणि दोन मुलांनी पाण्याच्या बाटलीत काजवे पकडले, तेव्हा तो हसत उभा राहिला. मी चालकाकडे दिवे बंद करण्याची विनंती तीनदा केली. तिसऱ्या वेळी ते बंद झाले आणि साधारण चार मिनिटांनी, “चला, पुढची बॅच आहे,” असे म्हणत पुन्हा लागले.

त्या चार मिनिटांत आई माझा हात धरून उभी होती. “आहेत का रे?” असे तिने विचारले. माझी मुलगी म्हणाली, “आजी, आहेत, अगं समोरच्या झाडावर आहेत.” आईने थोडा वेळ त्या दिशेने पाहिले आणि मग, “असतील,” एवढेच म्हणाली. तिला काही दिसले नव्हते.

ही केवळ भावनेची बाब आहे असे आपण समजू नये, म्हणून तिच्यामागचे साधे कारण येथे लिहितो. उजेडातून अंधारात आल्यावर निरोगी डोळ्यालाही मंद प्रकाश नीट दिसू लागण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि त्या काळात गाडीचा एक झोत डोळ्यांवर पडला, तरी सरावलेली नजर बिघडते. तिला पुन्हा वेळ द्यावा लागतो. अधू डोळ्यांना तर अधिकच. हॅलोजनखालून माणसे उचलायची, दिव्यांच्या झोतात उभी करायची आणि चार मिनिटांचा अंधार द्यायचा, या पद्धतीने कोणालाच काजवे धडपणे दिसणे शक्य नव्हते. ज्यांनी हा देखावा पूर्वी पाहिलेला नाही, ते जे दिसले त्यावर समाधान मानून परतले असतील.

काजव्यांचे नुकसान तर याहून मोठे आहे. त्यांचे लुकलुकणे हा आपल्यासाठी मांडलेला देखावा नसून नर आणि मादीमधला संकेत आहे. नर ठरावीक लयीत चमकतो, मादी त्याला प्रतिसाद देते आणि आसपास कृत्रिम उजेड असला की हे संकेत एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. काजव्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीत व पालापाचोळ्यात अळीच्या रूपात जातो. पंख फुटल्यावर त्याच्या हाती थोडेच आठवडे उरतात आणि पुढच्या वर्षीची अंडी त्याच झाडांखालच्या ओलसर मातीत घातली जातात. ती माती त्या रात्री पन्नास-साठ माणसांनी तुडवली. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 मध्ये जाहीर झाले, ते असल्याच जिवांना थारा मिळावा म्हणून. आपला संपूर्ण हंगामी व्यवसाय ज्या कीटकांवर उभा आहे, त्यांच्याशी आपली माणसे असे वागतात हे मला समजू शकत नाही.

शौचालयाविषयी थोडक्यात लिहितो. कमोड नव्हता. जी व्यवस्था होती ती तंबूपासून सुमारे दोनशे पावले चढावर होती आणि रात्री तेथे पाणी नव्हते. आईने या कारणाने संध्याकाळनंतर पाणी पिणे बंद केले, हे मला सकाळी कळले. मधुमेह असलेल्या वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत ही गैरसोय किती गंभीर ठरू शकते, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

तेथे काम करणाऱ्या गावातील मुलांविषयी माझी कोणतीही तक्रार नाही, उलट ऋण आहे. त्यांनी वाढलेली नागलीची भाकरी आणि पिठले उत्तम होते आणि आग्रह मनापासूनचा होता. त्यांच्यातीलच एका मुलाने चालकाला “दादा, लाइट बंद करा, किडा बुजतो,” असे आमच्या आधी सांगितले होते आणि त्यासाठी बोलणी खाल्ली होती. पुढे त्यानेच बॅटरीवर रुमाल गुंडाळून आईला हाताला धरून गाडीपर्यंत आणले. काय करायला हवे हे त्या मुलाला पूर्ण ठाऊक होते. त्याच्या हाती अधिकार नव्हता, एवढेच.

3 जून रोजी मी आपल्या कार्यालयात दूरध्वनी केला, तेव्हा पुढील आरक्षणावर 10 टक्के सवलत देऊ करण्यात आली. ती मला नको आहे. जी सेवा मिळालीच नाही, तिची भरपाई तीच सेवा पुन्हा विकत घेऊन होत नसते.

माझी मागणी अशी आहे. मुक्कामाचे रु. 8,800 आणि नौकाविहाराचे रु. 1,200 असे एकूण रु. 10,000 आपण हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत माझ्या खात्यावर परत करावेत. याखेरीज यंदाचा हंगाम संपण्यापूर्वी आपल्या सर्व काजवा मुक्कामांतून ध्वनिक्षेपक आणि हॅलोजन काढून टाकावेत, गाड्या दूर उभ्या करून लोकांना पायी नेण्याची आणि किमान अर्धा तास अंधारात बसू देण्याची पद्धत सुरू करावी, आणि जेवढे सुस्थितीतले जॅकेट तेवढीच माणसे होडीत, हा नियम विनाअपवाद पाळावा. या गोष्टी आपण करणार आहात की नाही, ते मला लेखी कळवावे. ज्यांना चालता येत नाही अशा वृद्धांसाठी काय सोय आहे आणि काय नाही, हे जाहिरातीतच स्पष्ट लिहावे. नसेल तर नाही असे लिहावे. आम्ही त्याप्रमाणे निर्णय घेतला असता.

मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, त्या अधिकाराचाही मी वापर करीन. ध्वनिक्षेपकाची वेळ आणि झाडांवर टाकलेले दिव्यांचे झोत यांची चित्रफीत मी संबंधित वन कार्यालयाकडे स्वतंत्र पत्रासोबत पाठवत आहे. त्या पत्राचा या रकमेशी संबंध नाही आणि रक्कम परत मिळाली तरी ते मी मागे घेणार नाही.

कळावे,

आपला ग्राहक
(स्वाक्षरी, नाव, पत्ता व आरक्षण क्रमांक सोबतच्या पावतीप्रमाणे)

सोबत : आरक्षणाची पावती, कमोडविषयीच्या संदेशाची प्रत, नौकाविहाराची पावती, चित्रफितीतील तीन छायाचित्रे.